‘लहान बोटीला कुठलाही फर्लर चालतो’ हा सल्ला ऐकू नका

पंचवीस-तीस फुटी क्रूझिंग यॉट (शिडाची प्रवासी बोट) घेणाऱ्यांमध्ये फर्लरबद्दल, म्हणजे पुढचं शीड गुंडाळायच्या यंत्रणेबद्दल, एक सल्ला बराच फिरतो आहे: ‘लहान बोटीला कुठलाही फर्लर चालतो. स्वस्तातला घ्या, त्यावर दीडशे टक्क्यांचा जेनोआ (मोठं पुढचं शीड) चढवा, वारा वाढला की हवा तेवढा गुंडाळा. अडकला तर दोरी विंचवर (दोरी ओढायच्या चरख्यावर) घ्या. एकदा बसवला की बघायला नको, शीड पावसाळ्यापर्यंत वरच राहू दे.’ फर्लर बसवावा, याबद्दल माझं दुमत नाही. जयगडच्या तोंडाशी लाटा उसळत असताना, बोटीवर दोघंच असताना, शीड बदलायला नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकाला) जावं लागत नाही हे फार मोलाचं आहे. पण या सल्ल्यातलं एकही वाक्य आपल्या किनाऱ्यावर टिकत नाही.

‘कुठलाही चालतो.’ नुसती गुंडाळी करणारा फर्लर शीड पूर्ण उघडतो किंवा पूर्ण मिटतो. अर्धवट गुंडाळलेल्या शिडावर जोर घ्यायचा, तर फोरस्टेवर, म्हणजे डोलकाठीला पुढून ताणणाऱ्या तारेवर, ॲल्युमिनियमचं फॉइल (शिडाची कड बसते ती खाचेची नळी), खाली दोरी गुंडाळणारा ड्रम आणि वर हॅलयार्डचा (शीड चढवायच्या दोरीचा) स्विव्हल (फिरता जोड) लागतोच. फॉइल नसेल तर खालचा ड्रम फिरतो, वरची कड पिळवटत मागे राहते. विकणारा दोन्हींना ‘फर्लर’च म्हणतो, म्हणून विचारून घ्या.

‘दीडशे टक्क्यांचा जेनोआ, मग हवा तेवढा गुंडाळा.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. दीडशे टक्के म्हणजे शिडाची रुंदी डोलकाठी ते फोरस्टे या अंतराच्या दीडपट. शिडाला मधोमध पोट असतं. गुंडाळताना वरची-खालची कड जेवढे वेढे घेते तेवढेच मध्यभागही घेतो, पण तिथलं जादा कापड उरतं आणि पोट फुगलेलंच राहतं. साधारण तीस टक्क्यांपलीकडे गुंडाळलं की ते शीड बोटीला पुढे कमी ओढतं आणि कलवतं जास्त.

उत्तर-दक्षिण प्रवासात हे फार जाणवतं. ऑक्टोबर ते मे मुंबईहून मालवण-गोव्याकडे जाताना दुपारचा वायव्येचा वारा पाठीशी असतो, तेव्हा कुठलंही शीड चालतं. परतताना तोच वारा तोंडावर येतो. विजयदुर्गहून उत्तरेला निघालात, दुपारी खारा वारा तापला आणि अर्धं गुंडाळलेलं पोटफुगं शीड वर असेल, तर बोट वाऱ्याच्या जवळ जातच नाही, नुसती आडवी सरकते. सकाळच्या मंद मतलईसाठी (जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्यासाठी) मोठं शीड हवं, असं म्हणतात. तो तास-दोन तासांचा प्रश्न आहे. त्यासाठी हलकं वेगळं शीड ठेवा किंवा इंजिन लावा. कायमचा जेनोआ १३० ते १३५ टक्क्यांचा, पुढच्या कडेत फोमची पट्टी शिवलेला घ्या. फोम मध्यभागी जाड असतो, त्यामुळे वेढ्यांबरोबर जादा कापडही आत ओढलं जातं. गुंडाळल्यावर शीटचा (शीड ओढून धरायच्या दोरीचा) ब्लॉकही, म्हणजे कप्पीही, पुढे सरकवावा लागतो, नाहीतर शिडाची वरची बाजू पिळवटून फडफडते. पैसे वाचवायचेच असतील तर ब्रँडमध्ये वाचवा, शिडात नको.

‘अडकला तर विंचवर घ्या.’ हे कधीही करू नका. फर्लर अडकतो तेव्हा बहुतेकदा हॅलयार्ड वर फॉइलला वेढलेली असते. विंचचा जोर थेट त्या वेढ्यावर येतो, फोरस्टेच्या तारा उलगडू लागतात आणि तो तुटला तर डोलकाठीच जाते. थांबा, वर बघा, उलट फिरवून मोकळं करा. मूळ कारण बसवतानाच टाळता येतं: हॅलयार्ड स्विव्हलपासून फोरस्टेला समांतर न जाता साधारण दहा अंशांनी मागे झुकली पाहिजे. शीड आखूड असेल तर वर तारेचा तुकडा जोडा, म्हणजे स्विव्हल फॉइलच्या टोकाजवळ पोचतो. फर्लिंगची दोरी ड्रममध्ये काटकोनात शिरते का, हेही बघा.

‘बसवला की बघायला नको.’ ड्रम नाळेवर, म्हणजे सगळ्यात जास्त खारं पाणी उडतं तिथेच. हार्केन कंपनीच्या बेअरिंगमधले टॉरलॉनचे (कठीण प्लॅस्टिकचे) गोळे गोड्या पाण्याने धुवायचे असतात, ग्रीस नको. सेल्डेनच्या फर्लेक्सला ग्रीस लागतं. प्रोफर्लची बेअरिंग सीलबंद असतात. रत्नागिरी-देवगडला यॉटचा रिगर (डोलकाठी-तारांचा कारागीर) हाताशी नसतो, म्हणून जे स्वतः खोलून धुता येईल ते मी आधी निवडेन. फॉइलच्या आतली तार दिसत नाही, त्यामुळे ती खराब झाल्याचं वेळेत कळत नाही. वापरलेली बोट घेताना फोरस्टे किती जुना ते विचारा. दहा-बारा वर्षांचा असेल तर नवाच घाला.

राहिला पावसाळा. मासेमारी बंदी १ जूनला सुरू होते म्हणून शीडही तोवर ठेवायचं, हा हिशेब चुकीचा आहे. तौक्ते चक्रीवादळ २०२१च्या मे महिन्याच्या मध्यातच या किनाऱ्यालगत उत्तरेकडे गेलं. गुंडाळलेला जेनोआ वादळात एका टोकाने सुटला की फडफडून नांगरावरची बोट ओढून नेतो. आणि फर्लरवरचं शीड उतरवायचं तर आधी पूर्ण उलगडावं लागतं. वारा पडलेल्या सकाळी दोघं मिळून ते सहज काढता येतं, पण वाऱ्याने जोर धरल्यावर ते उलगडणंच अशक्य होतं.