सेंधव्याची मुलगी कुठल्या स्लाइडवर आहे?

आज इंदुरातल्या आमच्या कॉलेजात 'स्ट्रॅटेजिक प्लॅन २०३५'ची, म्हणजे पुढच्या वर्षांच्या धोरणाची मीटिंग होती. दुपारचं जेवण झाल्यावर बसलो ते अंधार पडायला उठलो. डोकं अजून तापलेलं आहे, त्यामुळे पोस्ट लांबणार.

बाहेरून सल्लागार बोलावले होते. व्हिजन झालं, मिशन झालं, स्वॉट (बलस्थानं-उणिवांचा आढावा) झालं. मग 'आपली स्पर्धा' नावाची स्लाइड आली. त्यात बायपासकडची खाजगी विद्यापीठं, देवी अहिल्या विद्यापीठाचे स्वतःचे विभाग, ऑनलाइन डिग्र्या. यावर उपाय काय, तर परदेशी विद्यापीठाशी करार, नव्या उद्योगांसाठी इनक्युबेशन सेंटर, व्हिडिओ लेक्चरसाठी स्टुडिओ आणि नावात एआय असलेले दोन कोर्स.

पहिल्या वर्षाला भरलेला वर्ग दुसऱ्या वर्षाला निम्मा का होतो, हे कुठेच नव्हतं. मी उठून विचारलं. उत्तर मिळालं, "मॅडम, तो ऑपरेशनल प्रश्न आहे. आज स्ट्रॅटेजीवर बोलू."

मुलं निघून जातात हा ऑपरेशनल प्रश्न? मग कॉलेजाची स्ट्रॅटेजी असते तरी कशासाठी? स्टुडिओसाठी?

मागच्या वर्षी बी.कॉम.ला माझ्याकडे एक मुलगी होती. निमाडातल्या सेंधव्याजवळच्या गावची, बारावीला फर्स्ट क्लास. सरकारच्या 'गाव की बेटी' शिष्यवृत्तीचे महिन्याला ५०० रुपये मिळायचे, तेही दहाच महिने. इंदुरात त्यात खोलीचं भाडं कुठून निघणार? म्हणून शीतलामाता बाजारात साड्यांच्या दुकानात लागली. दुकान अकराला उघडतं, आमचं कॉलेज साडेदहाला सुरू होतं. एक दिवस स्टाफरूमच्या दारात उभी राहून म्हणाली, "मॅडमजी, सुबह की क्लास नहीं हो सकती क्या? सात बजे भी आ जाऊंगी." मी तिचा अर्ज घेऊन वरपर्यंत गेले. टाइमटेबल बदलता येत नाही, असं सांगून तो परत आला. वर्ष संपलं आणि ती आलीच नाही.

आज स्लाइडवर 'फ्लेक्झिबल एक्झिट' असा रकाना होता आणि त्यातला आकडा हिरव्या रंगात, म्हणजे यश म्हणून. नव्या शिक्षण धोरणात एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. मध्य प्रदेशाने हे २०२१-२२ पासूनच लागू केलं. कल्पना चांगली आहे, शिकलेलं वाया जात नाही. पण ती मुलगी स्वतःच्या मर्जीने बाहेर पडली नाही हो! तिला आम्ही घालवलं आणि त्या हिरव्या आकड्यात मोजलं. तिथे माझा आवाज चढला. प्राचार्यांना आवडलं नसेल, पण चढला.

नॅकचं, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेचं, मूल्यांकन लागतं हे मला कळतं. ग्रेड नसेल तर पालक दारात उभे राहत नाहीत, आणि फी आली तरच आमचे पगार होतात. नॅकला संस्थेचं नियोजन दाखवावंच लागतं, तेव्हा प्लॅन करा, जरूर करा. पण तो आपल्या कॉलेजचा करा ना! धोरण म्हणतं, २०४० पर्यंत प्रत्येक संस्थेत ३००० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असावेत. आमच्यासारख्या कॉलेजाने हा आकडा ऐकला की धडकी भरते, आणि धडकी भरली की माणूस मोठ्यांची नक्कल करतो. याच गावात १९९६ पासून आयआयएम आहे, २००९ पासून आयआयटी आहे, आपल्याला अभिमान आहेच. पण सेंधव्याच्या मुलीला आयआयएम की आम्ही, असं निवडायचं नव्हतं. तिच्यापुढे आम्ही होतो किंवा शीतलामाता बाजारातला काउंटर.

प्लॅनमध्ये निमाडचा सगळा नकाशा रंगवलाय, 'आपला कॅचमेंट', म्हणजे आपली मुलं येतात तो भाग, म्हणून. अहो, खरगोनला २०२४ मध्ये टंट्या भील विद्यापीठ झालं. तिथल्या मुलांना घराजवळ डिग्री मिळते आहे, फार चांगलं झालं. म्हणजे ज्यांना फक्त शिकायचंय त्यांनी इतक्या लांब यावंच कशाला? आता निमाडातून इंदुरात जी येतील ती कामासाठी येतील. इथे दुकानं आहेत, गोदामं आहेत, भंवरकुआंचे कोचिंग आहेत. कमावता कमावता शिकणारी मुलं, तीच आमची मुलं. त्यांना सकाळी सात ते साडेदहाची शिफ्ट द्या. राहायला खोली शोधून देणारा एक माणूस ऑफिसात बसवा. पहिल्या सत्रानंतर जो गैरहजर राहील त्याला फोन करा. स्टुडिओच्या खर्चात हे सगळं होऊन वर पैसे उरतील. शेजारच्या दोन-तीन छोट्या कॉलेजांशी हातमिळवणी करा. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ मध्येच कॉलेजांच्या क्लस्टरसाठी, म्हणजे अशा गटांसाठी, मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. एकट्याने ३००० गाठायची धडपड कशाला?

सकाळी सातला यायला प्राध्यापक कुरकुरतील, खरंय. निम्मे तर गेस्ट म्हणून तुटपुंज्या मानधनावर आहेत, त्यांना काय तोंडाने सांगायचं? त्यांचं मानधन आधी वाढवावं लागेल. तेही प्लॅनमध्ये नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. सल्लागार वाईट माणूस नव्हता. त्याला ती मुलगी माहीतच नाही. त्याच्या हातात आमच्या ऑफिसने दिलेले आकडे होते आणि त्यात तिचं नाव नव्हतं, फक्त रकाना होता. पण आम्हाला तर ती माहीत होती! तिचा अर्ज आमच्याच फाइलीत पडलेला आहे, आणि मीटिंगला बसलेल्यांपैकी दोघांनी तो वाचला होता. तरी कुणी तोंड उघडलं नाही.

पुढच्या शनिवारी गव्हर्निंग बॉडी बसणार आहे. सकाळच्या शिफ्टचा लेखी प्रस्ताव मी त्यांच्यापुढे ठेवणार आहे. तुमच्यातले कितीतरी जण नोकरी सांभाळून शिकलेत, रामबागेतल्या आमच्या काका-आत्यांच्या पिढीत तर घराघरात असे होते. तुमचं कॉलेज किती वाजता भरायचं, कामावर कसे पोचायचात, मालकाने सवलत दिली का, कुठल्या सरांनी सांभाळून घेतलं, हे मला चार ओळींत लिहून पाठवा. गुरुवारपर्यंत आलेलं सगळं प्रस्तावाला जोडते.