परदेशी पैसा

गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाक्य दर दोन महिन्यांनी उगवते: ‘हे एनजीओवाले परदेशी पैशांवर नाचतात, त्यांनीच खाणी बंद पाडल्या.’ लिहिणारा माझा थोरला चुलतभाऊ. २०१२ साली खाणी थांबल्या आणि त्याचे दोन ट्रक अंगणात उभे राहिले. टायर बसलेले ते ट्रक मी पाहिले आहेत, म्हणून इतकी वर्षे गप्प होतो. या खेपेला राहवले नाही.

दादा, म्हापशाची गोवा फाउंडेशन ही पर्यावरणवाली संस्था १९८६पासून आहे. ती कोर्टात गेली, निकाल कोर्टाने दिला. २०१४मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की लीजांची मुदत २००७लाच संपली होती. म्हणजे मधली पाच वर्षे बिनलीजचे खनिज गेले! सरकारला दिसत नव्हते का? ज्याला मते मागायची नाहीत आणि माल विकायचा नाही, असा कोणीतरी हे विचारायला लागतोच.

इथे इंग्लंडात, स्विंडनला, माझ्या बसच्या वाटेवर नॅशनल ट्रस्टचे मुख्य कार्यालय आहे. १८९५ची संस्था, पन्नास लाखांवर सभासद, वाडे आणि किनारे तिच्या ताब्यात. आरएनएलआय या लाइफबोट संस्थेच्या बोटी १८२४पासून बुडत्यांना काढतात, त्यावरचे बहुतेक लोक बिनपगारी. त्यांना कोणी एजंट म्हणत नाही, असे मी ठसक्यात लिहिले. (२०२०मध्ये ट्रस्टने आपल्या वाड्यांचा गुलामगिरीशी असलेला संबंध छापला तेव्हा खासदारांनीही झोडपले होते. ते दादाला कशाला सांगू?) ट्रस्टमुळे इथे कोणाचा ट्रक उभा राहत नाही, हेही लिहिले नाही.

मग गावच्या वाचनालयाचे प्रकरण आले. पावसात कौले गेली, मी पैसे पाठवायला निघालो. खजिनदार ओशाळून म्हणाले, ‘बाबा, तुझे नको. सीए नको म्हणतो.’

वडिलांचा जन्म गोवा मुक्तीपूर्वीचा, पोर्तुगीज अमलातला. त्यांच्या जन्माची नोंद लिस्बनला झाली, त्यावर माझा पोर्तुगीज पासपोर्ट आणि त्यावर हे स्विंडन. परदेशस्थ भारतीयाचे ओसीआय कार्ड असले तरी एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या, लेखी मी परदेशी. माझी देणगी घ्यायची तर वाचनालयाला दिल्लीची नोंदणी हवी, स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेत खाते हवे. हे खाते २०२०च्या दुरुस्तीपासून सक्तीचे. चार कपाटांचे वाचनालय ते! इथल्या चॅरिटी शॉपला मी पाउंड दिला की गिफ्ट एड या कर-योजनेतून पंचवीस पेन्स सरकार वर घालते, आणि आजोबांनी ज्याची पहिली दोन कपाटे दिली तिथे माझा रुपया चालत नाही.

हे ग्रुपवर सांगितले. वाटले, आता तरी दादाला कळेल. त्याचे उत्तर आले: ‘म्हणजे परदेशी पैसा तो तूच!’ खाली हसणारे सहा चेहरे, त्यात माझ्या आईचाही एक.

कौले दादाने घातली, स्वतःच्या पैशांनी. पावतीचा फोटो पाठवला, त्यावर नाव त्याचे. मी अंगठा दाखवला आणि शनिवार होता म्हणून चॅरिटी शॉपमध्ये दान आलेल्या कपड्यांना इस्त्री करायला गेलो.