"नाटक चांगलं असेल तर तिकीट खपतंच": एका फिरत्या मजकुराचा हिशेब

उन्हाळी नाट्यशिबिरांचे दिवस आले की बडोद्यातल्या मराठी मंडळींकडे एक मजकूर फिरू लागतो: "सरकारी पैशावर मुलांचं नाटक जगात कुठेच फळलं नाही. रशियात नुसता प्रचार झाला, अमेरिकेत पैसा बुडाला. पुण्याचं ग्रिप्स मात्र तिकिटावर उभं राहिलं. बडोद्यातही कला रसिकांनी जगवली, सरकारने नव्हे. नाटक चांगलं असेल तर तिकीट खपतंच." एकेक वाक्य घेऊ.

"रशियात नुसता प्रचार झाला." प्रचार झाला हे खरं, 'नुसता' हे खोटं. बालनाट्यकर्मी नतालिया सॅट्स 1918 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, मॉस्कोच्या नगर सोव्हिएतमध्ये, म्हणजे तिथल्या नगरशासनात, मुलांच्या नाटकाचं काम पाहू लागल्या. 1921 मध्ये तिथे मुलांचं स्वतंत्र नाटकघर सुरू झालं आणि 1936 मध्ये त्याचं सेंट्रल चिल्ड्रन्स थिएटर झालं. त्याच वर्षी सॅट्स यांनी संगीतकार सर्गेई प्रोकोफिएव्ह यांच्याकडून 'पीटर अँड द वुल्फ' ही वाद्यवृंदातून सांगितलेली गोष्ट करून घेतली. पक्ष्याला बासरी, बदकाला ओबो, मांजराला क्लॅरिनेट, लांडग्याला तीन हॉर्न; पंचवीसेक मिनिटांत मुलाला वाद्यवृंदातली वाद्यं ओळखू येतात. मूळ संहितेतला पीटर पायोनियर दलातला, म्हणजे साम्यवादी पक्षाच्या बालसंघटनेतला आहे, म्हणजे सरकारी शिक्का आहेच. पण जगभरची मुलं ती रचना आजही ऐकतात ती शिक्क्यासाठी नाही.

पेट्रोग्राडमध्ये (पुढचं लेनिनग्राड) अलेक्सांद्र ब्रियांत्सेव्ह यांचं बालप्रेक्षकांचं नाटकघर 1922 मध्ये उघडलं. बैठक अर्धवर्तुळात, पायऱ्यापायऱ्यांची. शिवाय शिक्षक प्रेक्षागृहात बसून मुलं कुठे हसली, कुठे चुळबुळली याची नोंद ठेवत. अशी साधी वही आपल्याकडच्या किती संस्थांत आहे?

याच राज्यसत्तेने 1937 मध्ये सॅट्स यांना अटक करून श्रमछावणीत धाडलं. पैसा देणारा हात गळाही धरतो, हा धोका मजकुराने नेमका मांडला असता तर भांडणच नव्हतं. पण पुढे 1965 मध्ये त्याच सॅट्स यांनी मॉस्कोत मुलांसाठी संगीत नाटकघर काढलं, आणि तेही सरकारी खर्चानेच.

"अमेरिकेत पैसा बुडाला." फेडरल थिएटर प्रोजेक्ट ही 1935 ची योजना बेकार नाट्यकर्मींना रोजगार देण्यासाठी होती. दिलेला पगार 'बुडाला' म्हणायचा तर प्रत्येक सरकारी शाळाही बुडीतच. बालविभागाच्या 'द रिव्होल्ट ऑफ द बीव्हर्स' या 1937 च्या नाटकावर साम्यवादी असल्याचा आरोप झाला आणि काही आठवड्यांतच ते उतरवलं गेलं. 30 जून 1939 ला अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) अख्ख्या योजनेचाच पैसा तोडला. घाव राजकारणाचा होता, तिकीटखिडकीचा नव्हे.

"पुण्याचं ग्रिप्स तिकिटावर उभं राहिलं." इथे मजकूर स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. बर्लिनच्या मूळ ग्रिप्स या मुलांच्या नाटकघराला तिथल्या नगरराज्याचं अनुदान मिळतं. पुण्यात 1986 मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी ते मराठीत आणलं तेव्हा पाठीशी मॅक्स म्युलर भवन हे जर्मन सांस्कृतिक केंद्र होतं, म्हणजे जर्मन करदात्याचा पैसा. मोठ्या नटांनी मुलांच्या भूमिका करायच्या, राजा-राक्षसाऐवजी घर, शाळा आणि रस्ता रंगमंचावर आणायचा, ही पद्धत त्या वाटेने मराठीत आली. प्रेक्षकांनी तिकिटं काढली, यात शंका नाही. पण प्रयोग रुजेपर्यंतचा खर्च तिकिटातून आला, असं म्हणता येत नाही.

बडोद्याबद्दल फार बोलायला नको. गायक मौलाबक्षांची गायनशाळा 1886 ची, सयाजीराव महाराजांच्या संस्थानाच्या खर्चाने चाललेली. तीच पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्‌सची विद्याशाखा झाली, जिथे नाट्यविभागही आहे. दरबारी कलावंतांसाठी तर 'कलावंत कारखाना' नावाचं खातंच होतं. रसिक होतेच, पण पगार खजिन्यातून होत असे.

आता "तिकीट खपतंच". समजा हजार खुर्च्यांचं नगरगृह आहे. सहा वर्षांच्या मुलाची नजर बसल्यावर मोठ्या माणसापेक्षा वीतभर खाली असते, आणि वीसेक मीटरपलीकडे नटाचा चेहरा वाचता येत नाही. हलकं मूल पुढे सरकून बसलं की स्प्रिंगची खुर्ची मागून मिटू लागते, मग अर्धं लक्ष खुर्चीत. म्हणून विकण्याजोग्या रांगा पहिल्या बाराच. रांगेला 24 खुर्च्या धरल्या तर 288. शंभर रुपये तिकिटाने पूर्ण भरल्यावर 28,800 रुपये. सहा नट, दोन पडद्यामागचे आणि एक संगीतवाला अशा नऊ जणांना दीड-दीड हजार दिले की 13,500 गेले. उरलेल्यात भाडं, प्रकाशयोजना, ध्वनी, टेम्पो आणि जाहिरात बसवायची. प्रयोग अर्धा भरला तर मानधनानंतर हातात 900 रुपये उरतात, त्यात टेम्पोही येत नाही. तालमींचे दिवस यात धरलेलेच नाहीत. मागच्या रांगा विकून हा खड्डा बुजतो, पण तिथली मुलं पुन्हा नाटकाला येत नाहीत. शिवाय 500 रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, म्हणजे 'तिकिटावर जगणाऱ्या' नाटकालाही सरकारची सवलत आहेच.

अनुदानातही किडका भाग आहे आणि तो मजकुरात आलाच नाही. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, म्हणून खर्च दाखवायची घाई नेमकी परीक्षांच्या दिवसांत होते, प्रयोग रिकाम्या सभागृहात लागतो. केंद्राच्या पैशासाठी सरकारी वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) 12-ए नमुन्यातलं उपयोजन प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यात पैसा मंजूर कामावर खर्च झाला का हे कळतं, मुलं किती आली हे नाही. नव्या निर्मितीसाठी एकरकमी पैसा मिळाला की दोन प्रयोगांनंतर नेपथ्य गोदामात पडतं. तीच रक्कम शाळेतल्या प्रयोगांवर वाटावी: पहिला हप्ता तालमीला, दुसरा पाचव्या प्रयोगानंतर, शेवटचा विसाव्यानंतर. प्रयोग जूनअखेर ते दिवाळी या काळात, पन्नास मिनिटांचा, मध्यंतर नको. पूर्ण अंधारही नको. लहान मुलं घाबरून रडतात आणि पुढची दहा मिनिटं कुणालाच काही ऐकू येत नाही.