एका विजेत किती युनिट?

परवा वळीव कोसळला आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा फिरला: 'आकाशातल्या एका विजेवर पुणे शहर महिनाभर चालेल. गच्चीवर तांब्याचा रॉड लावा, बॅटरीत साठवा. सरकार हे लपवतं.' संध्याकाळी खालच्या मजल्यावरचा दहावीतला मुलगा जिन्यात भेटला. "काका, तांब्याची पट्टी कुठे मिळेल?" म्हणून हे लिहितोय.

'पुणे महिनाभर.' एका विजेत साधारण 1 अब्ज जूल ऊर्जा धरतात. 36 लाख जूल म्हणजे 1 युनिट, तेव्हा हिशोब येतो जेमतेम 280 युनिटांचा. माझं मागचं लाईट बिल काढून पाहिलं: 140 युनिट. म्हणजे पुणं राहिलं बाजूला, माझ्या एका घराचे दोन महिने निघतील. तेही सगळी ऊर्जा हाती लागली तर. खरं तर बरीचशी वरच हवा तापवण्यात, लखलखाटात आणि गडगडाटात संपते. झटका प्रचंड असतो, कारण सगळं क्षणार्धात बाहेर पडतं. साठा मात्र बेताचाच. मराठीत आकाशातली आणि घरातली, दोन्हीला 'वीज' म्हणतो, त्यानेही गोंधळ वाढतो.

बरं, रोज कुठे पडते? न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर वर्षातून 20 ते 25 वेळा पडते. थेंबही न सांडता सगळी पकडली, तरी 7,000 युनिट. पुण्यातल्या गच्चीवर 5 किलोवॅटचं सोलर वर्षाला जवळपास तेवढंच देतं. आपल्याकडे विजा मुख्यतः वळवात आणि परतीच्या पावसात. एरवी रॉड नुसता उभा.

'सरकार लपवतं.' 2007 मध्ये एका अमेरिकन कंपनीने हा प्रयोग जाहीरपणे करून पाहिला. जमला नाही.

'रॉड लावा, बॅटरीला जोडा.' हे वाक्य मला सगळ्यात भयंकर वाटतं. इमारतीवरच्या लाइटनिंग अरेस्टरचं काम विजेला थेट जमिनीत वाट करून देण्याचं आहे. त्या अरेस्टरची तार इन्व्हर्टरकडे वळवणं म्हणजे 30,000 अँपिअरचा प्रवाह स्वतःच्या हाताने घरात घेणं. जी बॅटरी चार्ज व्हायला आठ-दहा तास घेते, ती हे कसं सोसणार? देशात दरवर्षी 2,000 हून जास्त माणसं वीज पडून मरतात.

त्या मुलाच्या फोनवर मी पुण्यातल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं 'दामिनी' ॲप टाकून दिलं. आसपास वीज पडण्याचा धोका असला की ते इशारा देतं. आणि गडगडाट कानावर आला की गच्चीवरून खाली यायचं, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं.