मोजणाऱ्या मुलांना तास नकोत, वाट द्या

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर सध्या वाद पेटलाय. भाच्याच्या कॉलेजातली मुलं रविवारी रानात जाऊन पक्षी आणि जनावरांचे ठसे नोंदवतात. थोरल्या वहिनींचं म्हणणं, "परीक्षा तोंडावर आलीय आणि हे पावलं मोजत फिरतायत." एका काकांना वेगळीच धास्ती आहे: आज पोरं वाघाचा ठसा लिहितील, उद्या त्याच कागदावर आमची घरं उठतील. बाकीच्यांनी अंगठे दाखवले आणि सुप्रभातची फुलं टाकली.

इथे इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये बसून मला वहिनींच्या काळजीपेक्षा काकांची भीती जास्त खरी वाटते. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतच, म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीत, एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं विष घालून मारली गेली. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत तिथे व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितलं, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. वाघ इथे राहतो की नुसता येऊन-जाऊन असतो, यावर अजून तावातावाने बोललं जातं. अशा ठिकाणी ठसा नोंदवणं हा निरुपद्रवी छंद नसतो, आणि मुलांना तो तसा आहे म्हणून सांगू नये.

तरी मी मुलांच्याच बाजूने आहे. माझी तक्रार त्यांना कामाला लावणाऱ्यांशी आहे.

आमच्या गल्लीत रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. एप्रिल ते सप्टेंबर, दर आठवड्याला, ठरलेल्या एकाच पायवाटेने ते फुलपाखरं मोजत चालतात. डावी-उजवीकडे अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर, एवढ्यातलंच मोजायचं. थंडी किंवा पाऊस असेल तर त्या दिवशी मोजणी नाही. ही ब्रिटनभरची योजना १९७६ पासून चालू आहे. मी कधीमधी बरोबर जातो, आणि खरं सांगायचं तर कंटाळा येतो. सगळा दम त्या कंटाळ्यातच आहे. जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या हौशी कीटकप्रेमींनीही सापळे लावून वर्षानुवर्षं किडे तोलले. २०१७ मध्ये त्यांच्या नोंदींतून दिसलं की २७ वर्षांत संरक्षित क्षेत्रांतल्या उडत्या कीटकांचं वजन पाऊणहून अधिक घटलं. एका दिवसाच्या शिबिरातून हे कुणाला कळलं असतं?

यावरून इंग्रजांची आरती ओवाळण्याचं कारण नाही. लांडगा त्यांनी कित्येक शतकांपूर्वीच संपवला, आता उरलंसुरलं फार नेटकेपणाने मोजतात. शिवाय मोजणारे बहुतेक पिकल्या केसांचे, तरुण क्वचितच. आपल्याकडे उलट आहे. पोरं हौसेने तयार असतात, पण ज्या म्हाताऱ्याला गवा कुठल्या बांधावरून कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, उतरतो ते ठाऊक आहे, त्याला कुणी विचारत नाही.

आपली व्यवस्था मोजते ते तास. कॉलेजांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. ते समुद्रकिनाऱ्यावर प्लास्टिक वेचून भरले काय किंवा बॅनर धरून भरले काय, प्रमाणपत्र एकच. (बॅनर धरणाऱ्यांचे फोटो जास्त चांगले येतात.) पदवी मिळाली की मुलं जातात, त्यांच्या वह्याही जातात, आणि पुढची बॅच पहिल्या पानापासून सुरू करते.

मोरजी, आगोंद, गालजीबागच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं समुद्रात सोडण्याच्या वेळी गर्दी होते, कॅमेरे येतात. पण पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू जितकी तापते तितक्या माद्या जास्त. म्हणजे घरट्यापाशी रोज थर्मामीटर लावून आकडा लिहिणारं पोर पिल्लं सोडणाऱ्या पाहुण्यापेक्षा किती तरी मोलाचं काम करतं. दीड-दोन महिने, रोज. त्याचा फोटो कोण काढणार?

वह्या कुठे ठेवायच्या, याचं उत्तर कायद्यात आधीच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची वही, असायला हवी. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळांनी या कल्पनेचा आयुष्यभर पाठपुरावा केला. पण हरित लवादाने जानेवारी २०२० अखेरची मुदत घातली आणि देशभर नोंदवह्या भरण्याची घाई उडाली. गोळावलीत वाघ मेले तोच हा महिना. घाईने भरलेली वही मग कपाटात जाते.

ती बाहेर काढावी. गावाभोवतीच्या दोन-तीन वाटा ठरवाव्यात, दर वर्षी नव्या मुलांनी जुन्यांकडून त्याच वाटा घ्याव्यात, आणि नोंद आधी गावासमोर वाचली जावी. वाघाची नेमकी जागा मात्र मोबाइलवर मुळीच फिरवू नये, शिकाऱ्याकडेही मोबाइल असतो. काकांची भीती याने संपणार नाही. पण आपल्या रानाबद्दल काय लिहिलंय हे कोर्टाच्या बातमीतून कळण्याची वेळ तरी त्यांच्यावर येणार नाही. गव्याने केलेली नासाडीही त्याच वहीत तारखेसकट असेल, म्हणजे भरपाई मागायला जाताना हाती कागद असेल.

भाच्याला मी एवढंच लिहिलं की शिबिराला जा, पण नोंदी पुढे कोणाकडे राहतात ते सरांना विचार. त्याचं उत्तर आलं, "मामा, सरांची जूनमध्ये बदली आहे."