शंभर टक्के ताटं

लग्न ठरलं की आमच्या घरात कामं आपोआप वाटली जातात. ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे हॉलवाला, जिला ठामपणे नाही म्हणता येतं तिच्याकडे साड्यांची खरेदी, आणि ज्याने कधीकाळी बी.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्स घेतलं होतं त्याच्याकडे केटरर. पुतणीचं लग्न, हॉल दादरचा, वार रविवार. केटररने फोनवर एवढंच विचारलं, "साहेब, ताटं किती धरू?"

आमंत्रणं 600 माणसांना गेली होती. पण मुंबईत बोलावलेली माणसं आणि आलेली माणसं यांच्या मधे मेगाब्लॉक असतो, मुलांच्या परीक्षा असतात, त्याच मुहूर्तावरचं दुसरं लग्न असतं आणि 'भर दुपारी विरारहून कोण निघणार' हा सनातन प्रश्न असतो. आमच्याकडे प्रत्येक लग्नात एक भाचा बुफेच्या तोंडाशी उभा राहून ताटं मोजतो. त्याच्यावर दुसरं कुठलंच काम सोपवता येत नाही, पण हे तो चोख करतो. त्याच्या वहीवरून मी हिशेब काढला: 600 जणांना बोलावलं तर सरासरी 420 येतात, आणि प्रमाण विचलन, म्हणजे हा आकडा सरासरीच्या आगेमागे किती हिंदकळतो त्याचं माप, 40.

"40 कसं?" चिरंजीवांनी हरकत घेतली. तेही सध्या स्टॅटिस्टिक्सच करतात, त्यामुळे घरात हल्ली शांतता नसते. त्यांचं म्हणणं, प्रत्येक माणूस येण्याची शक्यता 70 टक्के धरली तर 600 गुणिले 0.7 गुणिले 0.3, त्याचं वर्गमूळ, म्हणजे जेमतेम 11. सूत्र बरोबर होतं. 1733 मध्ये द म्वाव्र या गणितज्ञाने नाणेफेकीच्या अशाच हिशेबातून घंटेच्या आकाराचा, मधे सरासरीपाशी उंच आणि दोन्हीकडे उतरत जाणारा तो वक्र पहिल्यांदा काढला. लंडनमध्ये शिकवण्या घेऊन आणि जुगाऱ्यांना सल्ले देऊन पोट भरणारा माणूस. पण त्याची नाणी एकमेकांना विचारून पडत नव्हती. आमचे डोंबिवलीकर आधी एकमेकांना फोन करतात. आले तर अख्खी सुमो भरून येतात, नाही आले तर त्यांच्यातलं एक पोरही येत नाही. असे घोळक्याने येणारे पाहुणे असले की 11 चे 40 व्हायला वेळ लागत नाही. चिरंजीव गप्प झाले. पटलं म्हणून नव्हे, त्यांचा फोन वाजला म्हणून.

आता खरी गंमत. परीक्षेत विचारतात, "450 पेक्षा जास्त पाहुणे येण्याची संभाव्यता काढा." काढली, 23 टक्के आली, पाच गुण मिळाले, विषय संपला. पण कुठल्याही केटररला "23 टक्के" असं सांगून बघा. त्याला ताटं हवी असतात. म्हणजे गणित उलटं फिरवायचं: आधी खात्री किती हवी ते सांगायचं आणि तिच्यावरून आकडा काढायचा. पाहुण्यांचा आकडा त्या घंटेच्या वक्राप्रमाणेच हिंदकळतो असं धरलं, तर सूत्र चिमुकलं आहे. सरासरी, अधिक झेड गुणिले प्रमाण विचलन. झेड म्हणजे सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर जायचं तो आकडा. सगळी मेख त्या झेडमध्ये.

झेड शोधायला मी माळ्यावरून जुनं पुस्तक काढलं. मागच्या कोष्टकात एरवी आपण कडेला झेड बघतो आणि पोटात संभाव्यता वाचतो. इथे पोटात संभाव्यता हुडकून कडेला यायचं. टेलिफोन डिरेक्टरीत नंबरावरून नाव शोधण्यातला प्रकार. त्यातून आपल्याकडच्या बऱ्याच पुस्तकांतलं कोष्टक मधल्या रेषेपासून मोजतं, म्हणजे 0.95 हवं असेल तर आधी डावीकडचा अर्धा भाग वजा करून 0.45 शोधायचं. तेही नेमकं सापडत नाही. 1.64 समोर 0.4495, 1.65 समोर 0.4505. आपलं 0.45 या दोघांच्या बरोबर मधे, कुर्ल्याला उतरू की सायनला अशा चेहऱ्याने उभं. म्हणून 1.645.

गुणाकार केला. 65.8, म्हणजे 485.8 ताटं. इथे वरच्या आकड्यालाच जायचं, कारण 0.8 ताटावर कुठल्याही व्याह्याला बसवता येत नाही. 486 ताटं धरली तर जेवण पुरण्याची खात्री 95 टक्के.

"आणि उरलेले पाच टक्के?" वहिनींनी विचारलं.

"वीस लग्नांत एखाद्या वेळी कमी पडेल."

"भाऊजी, मला वीस मुली नाहीत. एकच आहे. शंभर टक्के धरा."

गणिताच्या कुठल्याही प्राध्यापकाला याहून चोख आक्षेप घेता आला नसता. मी त्यांना तो वक्र काढून दाखवला. त्याची शेपटी जमिनीला टेकायला येते, येते, पण टेकत कधीच नाही. 99 टक्के हवेत तर 514 ताटं, 99.9 हवेत तर 544, आणि शंभर हवेत तर आकडाच नाही, अनंत. चिरंजीवांनी लॅपटॉप उघडून एक्सेलच्या, हेच उलटं गणित करणाऱ्या 'नॉर्म.इन्व्ह'मध्ये वहिनींचं शंभर टक्के भरलं. एक्सेलने आकड्याऐवजी एरर दिली.

"बिघडलंय ते," वहिनी म्हणाल्या.

मग दादा पैशांवर आला. ताट 800 रुपयांचं. 90 टक्क्यांवरून 95 वर जायला 14 ताटं जास्त लागतात. 95 वरून 99 वर, म्हणजे फक्त चार टक्के वाढवायला, 28 ताटं: 22,400 रुपये. तिथून पुढच्या 0.9 टक्क्याला 30 ताटं: 24,000. एवढ्या किमतीची चिंता दादाला परवडणारी नव्हती, पण टक्का मात्र कोणी सांगेना. हे मी फार ठिकाणी पाहिलं आहे. आकडा सगळ्यांना हवा असतो. अमुक इतका धोका मला चालेल, असं तोंडाने म्हणायला कोणी पुढे येत नाही. दादा म्हणाला तू ठरव, वहिनी म्हणाल्या यांना विचारा, आणि चिरंजीव म्हणाले पुस्तकात दिलेलं असतं.

तेवढ्यात केटररचा पुन्हा फोन. कमीत कमी 400 ताटांची गॅरंटी हवी. माणसं कमी आली तरी तेवढ्यांचे पैसे द्यायचे. आता वक्राच्या डाव्या बाजूला जाणं आलं. 400 पेक्षा कमी माणसं येण्याची शक्यता निघाली 31 टक्के, म्हणजे दहातल्या तीन वेळा आपण हवेला जेवू घालणार. निदान 90 टक्के खात्रीने येतीलच असा आकडा हवा तर झेड उणे 1.28. अशा कोष्टकात उणे बाजू छापलेलीच नसते, वक्र दोन्हीकडे सारखा म्हणून उजवीकडचीच उचलून चिन्ह बदलायचं. उत्तर 368.8, या वेळी खालच्या आकड्याला, 368. केटररला तो सांगितला तर म्हणाला, "साहेब, 68 कशाला, नीट गोल सांगा की." 375 वर तुटलं. (ती शेपटी डावीकडे शून्याच्याही पलीकडे उणे पाहुण्यांपर्यंत जाते. उणे पाहुणा म्हणजे येताना घरून ताट घेऊन येणारा. आमच्या नात्यात तसा कोणी नाही.)

वरचा आकडा शेवटी वहिनींनीच ठरवला. कणीक मळता मळता म्हणाल्या, "पाचशे सांगा. शुभ बोलायचं आणि गोल बोलायचं." मी उगाच ताडून पाहिलं. 420 पासून 500 पर्यंत 80, म्हणजे नेमकी दोन प्रमाण विचलनं. खात्री 97.7 टक्के. मी तासभर कोष्टकात नाक खुपसून बसलो होतो, हे मात्र कोणी लक्षात घेतलं नाही.

लग्न छान झालं. मेगाब्लॉक होता, तरी डोंबिवलीकर आले. सुमो एकाऐवजी दोन होत्या. मसालेभात पुरला, जिलेबी उरली, मठ्ठा दोनच्या सुमारास संपला. मठ्ठ्याचं प्रमाण विचलन कोणी काढलंच नव्हतं. भाच्याच्या वहीत 463 ताटं. केटररच्या बिलात 491.

गाउस नावाच्या जर्मन गणितज्ञाने 1809 मध्ये हाच वक्र ग्रहताऱ्यांच्या मोजमापातल्या चुकांना लावला. युरो येण्याआधी जर्मनीच्या दहा मार्कांच्या नोटेवर त्याच्या चेहऱ्याशेजारी तो वक्रही छापलेला होता. त्याच्या म्हणण्यानुसार मोजणारा कधी जास्त मोजतो, कधी कमी, आणि दोन्ही बाजूंना सारख्याच चुका होतात. भाच्याच्या जुन्या वह्या आणि जुनी बिलं मी मग शेजारी शेजारी ठेवून पाहिली. एकाही केटररने आजवर एकही ताट कमी मोजलेलं नाही.