गाडी 'क्यूट' आहे ना, मग झालं!

जुनी गाडी घ्यायची ठरवलीत, अभिनंदन. तीही साधीसुधी नाही. गोल दिव्यांची, फुगीर गालांची, आरशांना क्रोमची किनार असलेली, १९६० सालची वाटणारी पण एसी असलेली. स्विफ्ट, वॅगन-आर काय, कोणीही घेतं. त्यांचे पार्ट गल्लीच्या कोपऱ्यावर मिळतात, विकायला काढल्या तर आठवड्यात जातात, मेकॅनिकला बॉनेट उघडताना विचार करावा लागत नाही. असल्या बेचव सुखात तुमच्यासारख्या चोखंदळ माणसाला रस नसणारच. तेव्हा चार हिताच्या गोष्टी सांगतो. माझी भाची नुकतीच अशी गाडी घ्यायला निघाली होती आणि मामा या नात्याने मीही बरोबर होतो, त्यामुळे ज्ञान ताजं आहे.

सर्वात आधी रंग पक्का करा. पुदिन्याचा हिरवा की सायीचा पांढरा, यावर घरात दोन-तीन रात्री चर्चा झाली पाहिजे. इंजिन नंतर बघता येतं. न बघितलं तरी चालतं, ते झाकणाखाली असतं आणि फोटोत येत नाही.

दुसरं, थोडा इतिहास पाठ करा, सोसायटीत सांगायला बरा पडतो. मूळची फियाट ५०० आली १९५७ साली. मागच्या बाजूला ४७९ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, स्कूटरवाल्या इटालियन संसाराला डोक्यावर छप्पर मिळावं एवढीच तिची महत्त्वाकांक्षा. मिनी आली १९५९ साली, सुएझच्या भानगडीत ब्रिटनमध्ये पेट्रोलची बोंब झाली होती म्हणून. दोन्ही काटकसरीतून जन्मलेल्या. आता त्यांच्या नावाचे नवे अवतार बघा. नवी ५०० भारतात २००८ साली आली, पोलंडहून तयार होऊन, किंमत पंधरा लाखांच्या आसपास. गरिबाची गाडी श्रीमंताला विकायची कला साधी नव्हे. आणि आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी? ती तर खरीच जुनी होती, गोल दिव्यांसकट. २०२३ च्या ऑक्टोबरात तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा ज्यांनी स्टेटसवर हुंदके दिले, त्यांतले अर्धे लोक त्याआधी रांगेत पद्मिनी पुढे आली की मागच्या एसी गाडीची वाट बघत उभे राहायचे.

सुट्या भागांची चिंता तर मुळीच करू नका. डिझेल ५०० चं १.३ मल्टिजेट इंजिन म्हणजे स्विफ्ट डिझेलच्याच घराण्यातलं, त्यामुळे इंजिनाचं सामान मिळून जाईल. प्रश्न फक्त ज्यासाठी गाडी घेतलीत त्या भागांचा आहे. हेडलाइट, बंपर, दाराची मूठ, क्रोमची ती पट्टी. थोडक्यात, गाडी चालत राहील, दिसणार नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फोटो घेऊन जा. दुकानदार फोटो मोठा करून बघेल, शेजारच्या दोघांना बोलावून दाखवेल, कौतुक करेल, चहाही पाजेल. पार्ट मिळणार नाही.

मिनी घेत असाल तर स्टेपनी शोधू नका. बहुतेकींत नसतेच.

जाहिरातीवर मात्र पूर्ण श्रद्धा ठेवा. 'डॉक्टर ड्रिव्हन' म्हणजे गाडीची तब्येत ठणठणीत. 'लेडी ड्रिव्हन' म्हणजे क्लच शाबूत (कसा, ते विचारू नये). 'ओन्ली संडे यूज्ड' म्हणजे रविवारी लोणावळा. 'मायनर स्क्रॅचेस' म्हणजे डावीकडचे सगळे फोटो लांबून काढलेले. 'सीरियस बायर्स ओन्ली' म्हणजे प्रश्न विचारणारे नकोत.

मीटरवर अठ्ठावीस हजार किलोमीटर आणि गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसून गेलेले दिसले, तर मालकाला गिअर कुरवाळायची सवय असेल.

कागदपत्रं ही संशयी लोकांची हौस. आरसीवर बँकेचा बोजा असला तरी तो उतरवायचा फॉर्म ३५ मागून कोणाचं मन दुखवू नका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर आधीच सह्या करून ठेवलेल्या असतात, खाली नाव कोणाचं येणार ते गाडीलाही माहीत नसतं. दिल्लीची स्वस्त गाडी मिळाली तर झडप घाला; तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीची टांगती तलवार असते म्हणून ती तुमच्या प्रेमात पडलेली असते. एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स हे विषय लग्नानंतर निघणाऱ्या विषयांसारखे असतात, निघतील तेव्हा निघतील. आणि २००८-०९ ची आयात गाडी असेल तर पंधरा वर्षं उलटून गेलेली असणार. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या साध्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी ५,००० रुपये झाली आणि आयात मोटारीची ४०,०००. हरित कर वेगळा. हे विकणाऱ्याला विचारलंत तर तो म्हणेल, "साहेब, ते एजंट करून देतो." बरोबरच आहे. पैसे तुम्ही देता, करून एजंट देतो.

आता पाणी.

मुंबईत जुनी गाडी घेणाऱ्याने या विषयाला अजिबात हात घालू नये. हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही पाणी तुंबणारी नावं उच्चारू नयेत. २९ ऑगस्ट २०१७ ला, मुंबई पाण्यात गेली त्या दिवशी, गाडी कुठे उभी होती, असं तर कधीच विचारू नये. मालकाला आपली रोजनिशी दाखवायची नसते. पुढच्या सीटखालचा गालिचा उचलू नये. सीट ज्या लोखंडी पट्ट्यांवर सरकते त्यांवर बोट फिरवू नये. स्टेपनीची जागा असेल तर तिथे टॉर्च मारू नये. हेडलाइटच्या आत वाफ दिसली तर गाडी भावुक आहे असं समजावं. गाडीत शिरताच चंदनाचा, लिंबाचा आणि आणखी कशाचा तरी एकत्र वास आला, तर मालक देवभक्त आहे असं समजावं. आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघू नये. शेवटपर्यंत ओढला की आत गुंडाळलेला भाग बाहेर येतो आणि तो कोणी पॉलिश केलेला नसतो.

आता आमचं दुर्दैव असं की या गाड्यांना दोनच दारं. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून, सरकवून, गुडघे कपाळाला लावून शिरावं लागतं. भाचीने ट्रायल घ्यायची आणि मामाने मागे बसायचं असं ठरलेलं, म्हणून मी सीट सरकवली. खाली पट्टी गंजून लाल झालेली. बाकी गाडी अशी चकचकीत की तिच्यात बघून दाढी करावी. मग मी न करायच्या सगळ्या गोष्टी केल्या. पट्टा ओढला. अर्ध्यानंतर त्याचा रंग बदलला, गढूळ, आणि काठावर मातीची सरळ रेघ. गालिच्याचा कोपरा उचलला, खालचा फोम अजून भुसभुशीत, बोटाला बारीक रेती. (गाडीचं नाव सांगत नाही. तिचा बिचारीचा यात काही दोष नाही, ती स्वतःहून पोहायला गेली नव्हती.)

मालक अंधेरी पश्चिमेच्या एका चांगल्या सोसायटीतले. आपलेच मराठी, सुशिक्षित, दारावर तोरण, हॉलमध्ये मुलाच्या डिग्रीचा फोटो. "आपलाच माणूस आहे मामा," असं म्हणून भाचीने आदल्या दिवशीच फोनवरून दहा हजारांचं टोकन पाठवलेलं. मी विचारलं, "साहेब, गाडीत पाणी गेलं होतं का?"

"थोडंसं," ते म्हणाले. "मुंबईत कोणाच्या गाडीत जात नाही?"

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत." मग जरा थांबून, अगदी मायेने, "अहो, मी घेतली तेव्हा मला तरी कोणी सांगितलं होतं?"

या वाक्यापाशी माझा उपरोध संपतो. पुढचं सरळ ऐका.

सीटखाली पाणी गेलं म्हणजे फक्त वास राहतो असं समजू नका. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं कंट्रोल युनिट गिअरच्या आसपास, थेट फरशीवर बसवलेलं असतं. त्याच्या वायरी, सीटबेल्टच्या वायरी, सीटखालचे कनेक्टर, सगळे त्याच पाण्यात. ते वाळतात, महिनाभर चालतात, मग आतून हिरवे पडायला लागतात. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे, म्हणजे यंत्रणा जागी आहे असं कळतं. त्या गाडीत तो पेटलाच नाही. मी पुन्हा चावी फिरवली. बाकीचे सगळे दिवे पेटले, तो नाही. जो दिवा 'बिघाड आहे' असं सांगतो, तो दुरुस्ती करून विझवता येतो, नाहीतर त्याचं तोंडच बंद करता येतं. दुसरा मार्ग स्वस्त. माझी भाची रोज मुलुंडहून पूर्व द्रुतगती मार्गाने ऑफिसला जाणार होती, त्या गाडीत, गळ्यात मातीची रेघ असलेला पट्टा बांधून. साहेब, तुम्हाला काय वाटलं, दिवा पेटला नाही म्हणून एअरबॅग उघडणार आहे? दिवा बंद करताना तुमच्या डोळ्यांसमोर एकदा तरी माणूस आला का? गाडी घेणारा माणूस, त्याच्या शेजारी बसणारी बाई, मागे कोंबलेलं पोर?

आणि ते "मला तरी कोणी सांगितलं होतं." म्हणजे तुम्हाला फसवलं, म्हणून तुम्ही पुढच्याला फसवायचं, त्याने त्याच्या पुढच्याला. विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडत नाही, म्हणून लिलावात काढलेली गाडी गॅरेजवाला सुकवतो, एजंट चमकवतो, डॉक्टर दोन वर्षं वापरतो, मग तुम्ही, मग आमची भाची. सगळे सभ्य. सगळ्यांच्या घरी तोरण. चोर म्हणून कोणालाच पकडता येत नाही, कारण प्रत्येकाकडे आधीच्याचं नाव तयार. पोलिसात जायचं म्हटलं तर "दहा हजारांसाठी?" असं घरचेच विचारतात. हेच तर तुमचं भांडवल आहे. रक्कम एवढीच ठेवायची की समोरच्याला भांडायची लाज वाटावी.

वाचणाऱ्यांनाही दोन शब्द, हसत होतात म्हणून. पंधरा वर्षांच्या गाडीवर एवढे पैसे टाकताना तुम्हाला तासभर मेकॅनिक सोबत नेता येत नाही? त्याची मजुरी गाडीचा एक कोपरा रंगवण्याएवढीही नसते. गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर लावायला सांगा, विमा पॉलिसीची मागच्या वर्षांची प्रत मागा, नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याची सूट, एकाएकी शून्यावर आला असेल तर का आला ते विचारा. आरसीची माहिती सरकारच्या एमपरिवहन ॲपवर स्वतः बघा, मालकाने पाठवलेला स्क्रीनशॉट नको. टोकन गाडी बघून झाल्यावर द्या, आधी नाही, 'आणखी तिघं बघायला येतायत' हे ऐकूनसुद्धा नाही. येऊ देत तिघं. आणि विकणार असाल तर नावावरून गाडी उतरेपर्यंत झोपू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय, नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्या दारात. सह्या केलेले कोरे फॉर्म एजंटच्या ड्रॉवरमध्ये ठेवून निवांत बसणारे तुमच्यातच आहेत, मला माहीत आहेत.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. फसलात तर तुम्ही काय करणार? दोन पावसाळे काढणार, कंटाळणार, गालिचा धुऊन घेणार, चंदनाची बाटली आणणार आणि जाहिरात टाकणार. 'वेल मेंटेन्ड. हेड टर्नर. जेन्युइन बायर्स प्लीज कॉल.' नाही? मग लिहून दाखवा ना एक ओळ: गाडीत पाणी गेलं होतं, एअरबॅग तपासलेली नाही, किंमत त्या हिशेबाने कमी केली आहे. एक ओळ. पन्नास हजार कमी येतील. तेवढी लाज परवडत नसेल तर गाडी भंगारात घाला, पण माणसाच्या हातात देऊ नका.

आणि अंधेरीचे साहेब, तुम्ही वाचत असाल तर, दिवा पुन्हा जोडून घ्या, पुढच्या गिऱ्हाइकाला पट्टा स्वतः ओढून दाखवा. भाचीचे दहा हजार ज्या नंबरवरून आले, त्याच नंबरवर परत पाठवा. "बघतो" असं म्हणाला होतात. बघा.